एक कंट्रोलर पुरत नाही तेव्हा

ज्यांना हेडफोन लावून बसायला सवड नाही आणि जे पीएमपीच्या गर्दीत उभं राहून वाचतात, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना घेतलेले आंबटगोड विषयांतराचे फाटे थोडे छाटलेत, बाकी बोललो तसंच आहे.

आजचा विषय सॉफ्टवेअरचा आहे, पण सुरुवात पोलिसांपासून करतो. १५ ऑगस्ट २०१८ ला पिंपरी-चिंचवडचं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी, वाकड, हिंजवडी ही ठाणी पुणे शहर आयुक्तालयाखाली होती, आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव ही पुणे ग्रामीणकडे. म्हणजे चाकणच्या एमआयडीसीतल्या कारखान्याचा बंदोबस्त एका कार्यालयातून, आणि त्याच कारखान्यातले निम्मे लोक जिथे राहतात त्या भोसरीचा दुसऱ्या कार्यालयातून. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ मध्ये आला, फोक्सवॅगनचा २००९ मध्ये. महिंद्रा, मर्सिडीज मागोमाग. वस्ती वाढली, वाहनं वाढली, आणि जुनी रचना ताणली गेली. मग नवं केंद्र काढलं.

ठीक. पण केंद्रं दोन झाली की लगेच एक नवा प्रश्न जन्माला येतो. दापोडी पिंपरी-चिंचवडकडे, बोपोडी पुण्याकडे, मध्ये मुळा नदी आणि तिच्यावर हॅरिस पूल. कुणी पुण्यात गाडी उडवली आणि पूल ओलांडून दापोडीत शिरला, तर त्याचा नंबर एका कंट्रोल रूमकडून दुसरीकडे किती वेळात पोचतो? केंद्र एकच होतं तेव्हा हा प्रश्न कुणाला पडलाच नसता.

हीच अडचण संगणकांच्या जाळ्यांमध्ये गेली पंधरा-सतरा वर्षं मोठमोठी माणसं सोडवतायत. तिची गोष्ट आज सांगायचीय. ‘सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्क’, म्हणजे एसडीएन. नाव ऐकून पळू नका.

तुम्ही फोनवर एखादं रील उघडलंत की त्याचे बारीक बारीक तुकडे होऊन येतात. प्रत्येक तुकडा म्हणजे पॅकेट. वाटेत ज्या ज्या डब्यातून ते जातं, त्या डब्याला दोन कामं असतात. एक, ठरवणं: हे कुठे पाठवू? दुसरं, उचलून पाठवणं. डोक्याचं काम आणि हाताचं काम म्हणा. जुन्या इंटरनेटमध्ये प्रत्येक डब्याला स्वतःचं डोकं होतं. १९६९ मध्ये अर्पानेट सुरू झालं तेव्हापासून कल्पनाच ती: मधला एखादा डबा गेला तरी बाकीच्यांनी आपसात बोलून दुसरी वाट काढावी. कुणी एक मालक नाही. हे इतकं मजबूत निघालं की आजही इंटरनेटचा मोठा भाग असाच चालतो.

पण ज्यांनी कंपनीचं नेटवर्क सांभाळलंय त्यांना याची दुसरी बाजू माहीत आहे. शंभर डबे म्हणजे शंभर डोकी. ‘अकाउंट्सच्या मशीनवर शॉपफ्लोअरवरून कुणी जायचं नाही’ एवढा साधा नियम लावायचा तर शंभर ठिकाणी लॉगिन करून टाइप करा. त्यातले अठ्ठ्याण्णव बरोबर झाले आणि दोन राहिले, तर नियम लागलाय असं सगळ्यांना वाटत राहतं आणि तो लागलेला नसतो.

एसडीएनकडे जाण्याआधी जरा टेलिफोनकडे वळू, कारण डोकं एकत्र ठेवायचं की वाटायचं हा वाद तिथे आधीच होऊन गेला होता.

अल्मन स्ट्राउजर नावाचा अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा एक माणूस अंत्यविधीचं सामान आणि व्यवस्था पुरवायचा. गोष्ट अशी सांगतात की टेलिफोन ऑपरेटर बाई त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको होती, आणि स्ट्राउजरला आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. खरंखोटं देव जाणे. पण १८९१ मध्ये त्याला आपोआप जोडणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट मिळालं हे पक्कं. त्या यंत्रात डोकं वाटलेलं होतं: तुम्ही डायल फिरवाल तसा प्रत्येक टप्प्यावरचा सिलेक्टर स्वतःपुरता निर्णय घेऊन पुढे ढकलायचा. एक सिलेक्टर बिघडला तर काही फोन अडायचे, गाव बंद पडायचं नाही. मग संगणक आला. १९६५ मध्ये न्यू जर्सीतल्या सकासुना गावी बेल कंपनीने मोठं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू केलं, आणि त्यात डोकं एका जागी आलं. ते गेलं तर सगळं गाव मुकं होणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी ते डोकं दुहेरी ठेवलं. एक काम करतं, दुसरं सोबत तेच गणित करत तयार बसतं.

आपल्याकडे वळण वेगळं होतं. १९८४ मध्ये सी-डॉट स्थापन झाली, सॅम पित्रोदा पुढे होते, आणि ३६ महिन्यांत, ३६ कोटी रुपयांत देशी डिजिटल एक्स्चेंज करून दाखवायचं वचन होतं. पहिलं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. एसी नसलेल्या खोलीत चालेल असं यंत्र. बाहेरून आणलेल्या यंत्रांना गारवा लागायचा, आणि आपल्या तालुक्याच्या गावांना वीज असेल तेव्हा पंखा मिळायचा. त्या डब्याकडे बघून गावात लोकांनी काय काय स्वप्नं पाहिली असतील! पिंपरीचा संबंध सांगायचा तर मुंबई-पुणे रस्त्यावरच्या फिनोलेक्सने त्या काळात जमिनीखालून जाणारी टेलिफोनची केबल बनवली. एसटीडी बूथच्या पिवळ्या पाट्यांच्या मागे अशीच तांब्याची तार असायची.

सी-डॉटच्या मोठ्या एक्स्चेंजची रचना मला फार आवडते, कारण ती कुणी ‘मोठ्ठा एकच संगणक’ अशी केली नाही. ‘बेस मॉड्यूल’ नावाचे तुकडे. एक तुकडा एकटाच छोट्या गावाचं एक्स्चेंज म्हणून चालतो. गाव वाढलं की असे तुकडे मधल्या मॉड्यूलला जोडत जायचे. आणि एखादा तुकडा वीस किलोमीटरवरच्या गावात नेऊन ठेवला, आणि मधली लाइन तुटली, तरी त्या गावातल्या गावात फोन लागत राहायचे. बाहेर लागायचे नाहीत. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे चाकणमध्ये तिची गाठ पडणार आहे.

आता स्टॅनफर्ड. २००७ मध्ये मार्टिन कसादो नावाच्या विद्यार्थ्याने आपल्या सहकाऱ्यांबरोबर ‘ईथेन’ नावाचं जाळं बांधलं. कसादो त्याआधी लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत होता, जिथे सुरक्षेचे प्रश्न रोजचेच. त्याची कल्पना अशी की डब्यांमधलं डोकं काढून घ्या. डब्यांना फक्त हात ठेवा. एक साधा संगणक मध्यभागी बसवा, त्याला कंट्रोलर म्हणा. नवीन संभाषणाचं पहिलं पॅकेट आलं की डबा ते कंट्रोलरकडे पाठवेल आणि विचारेल, ‘याचं काय करू?’ कंट्रोलर उत्तर देईल, डबा ते लक्षात ठेवेल, आणि त्या संभाषणाची उरलेली हजारो पॅकेटं न विचारता पाठवेल. स्टॅनफर्डमध्ये तीनशेहून जास्त संगणक या पद्धतीवर चार महिने चालवून दाखवले. पुढच्या वर्षी निक मकिओन आणि मंडळींनी कंट्रोलर आणि डबा यांच्यातली भाषा मांडली, तिचं नाव ओपनफ्लो. त्याच वर्षी ‘नॉक्स’ हा पहिला सगळ्यांना वापरता येणारा कंट्रोलर आला.

शंभर डब्यांवर टाइप करण्याच्या त्रासावर हा उतारा होता. नियम एका ठिकाणी लिहा, संपला विषय.

पण लोकांनी पहिलाच प्रश्न विचारला तो आपल्या पोलिसांसारखाच: अहो, सगळे डबे एकालाच विचारायला लागले तर त्याचं काय होणार? आकडे बघा. नॉक्स सेकंदाला साधारण ३०,००० नवी संभाषणं हाताळायचा. आणि त्याच सुमारास दीड हजार सर्व्हरच्या एका डेटा सेंटरमध्ये मोजलं तर सेकंदाला लाखभर नवी संभाषणं सुरू होत होती. तिप्पट गर्दी.

इथे एक गैरसमज आहे, तो कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्येही दिसतो: ‘लोड वाढला म्हणून कंट्रोलर वाटले.’ अर्धंच खरं आहे. लोडचा प्रश्न लवकर सुटला. २०१२ मध्ये टोरंटोच्या अमीन तुतूनचियान आणि सहकाऱ्यांनी नॉक्स नीट बसून सुधारला, आठ कोअरच्या एका मशीनवर सगळे कोअर कामाला लावले, आणि तो सेकंदाला १६ लाख विनंत्या हाताळू लागला. सरासरी उत्तर दोन मिलिसेकंदांत. एक मशीन! एवढ्या गर्दीची जाळी जगात मोजकीच.

मग वाटायचं कशाला? अंतर म्हणाल, तर फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. चाकणहून मुंबई दीडशे किलोमीटर धरा. जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. काहीच नाही. सिंगापूर सरळ रेषेत धरलं तरी जवळपास चाळीस. मग जाणवायला लागतं. २०१२ मध्येच ब्रँडन हेलर, रॉब शेरवुड आणि मकिओन यांनी कंट्रोलर कुठे ठेवावा याचा अभ्यास केला आणि त्यांना आढळलं की वेगाच्या दृष्टीने बऱ्याच खऱ्या जाळ्यांना एकच जागा पुरते. पण, त्यांनीच म्हटलं, बिघाडाच्या दृष्टीने पुरत नाही.

तर खरी गोष्ट ही आहे. कंट्रोलर मरतो. किंवा तो जिवंत असतो आणि त्याच्यापर्यंत जाणारी तार मरते. आणि डब्याकडून बघितलं तर या दोन्हींतला फरक कळत नाही. उत्तर येत नाहीये, एवढंच कळतं.

सरळ उपाय वाटतो तो म्हणजे दुसरा कंट्रोलर ठेवायचा, सकासुनासारखा. इथेच घोळ होतो. एका खोलीत शेजारी शेजारी दोन ठेवले तर ठीक. पण एक भोसरीत आणि एक चाकणमध्ये ठेवला आणि मधली तार तुटली, तर? भोसरीचा म्हणतो, चाकणवाला मेला, आता मीच मुख्य. चाकणचा म्हणतो, भोसरीवाला मेला, मीच मुख्य. दोघंही जिवंत, दोघंही हुकूम सोडतायत, आणि काही डबे दोघांनाही दिसतायत. एक म्हणतो डावीकडे पाठव, दुसरा म्हणतो उजवीकडे. याला या धंद्यात ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात. एका घरात दोन कर्ते, असं आपण म्हणू. डिसेंबर २०११ मध्ये ओपनफ्लोची १.२ ही आवृत्ती आली तिच्यात म्हणूनच कंट्रोलरना भूमिका दिल्या गेल्या, आणि मुख्य कंट्रोलरच्या नेमणुकीला चढता क्रमांक. जुना क्रमांक घेऊन कुणी मालकी सांगायला आला तर डबा ऐकत नाही.

पण नवा क्रमांक द्यायचा कुणी? उत्तर जुनं आहे: मतदान. तीन ठेवा, दोघांचं एकमत पाहिजे. पाच ठेवा, तिघांचं. तार कुठेही तुटली तरी बहुमत एकाच बाजूला असू शकतं, दोन्ही बाजूंना कधीच नाही. अल्पमतातल्याने गप्प बसायचं. लेस्ली लॅम्पोर्टने याची पॅक्सॉस नावाची पद्धत फार आधी मांडली होती, पण ती भल्याभल्यांना समजायची नाही. म्हणून २०१४ मध्ये स्टॅनफर्डच्याच डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी ‘राफ्ट’ ही समजायला सोपी पद्धत मुद्दाम तयार केली. हे काम करणाऱ्या तरुणांना माझं सांगणं: कुठलंही एसडीएन शिकण्याआधी राफ्ट कागदावर पाच गोल काढून एकदा करून बघा. दुपार जाईल, पण नंतर अर्ध्या कळणार नाहीत अशा गोष्टी आपोआप कळतील.

मतदानाला वेळ लागतो, आणि प्रत्येक बारीक गोष्टीवर मतदान घेतलं तर मिटिंगातच दिवस जायचा. हे पहिल्यांदा नीट मांडलं ते २०१० च्या ‘ओनिक्स’ने. तीमू कोपोनेन, कसादो, शेंकर वगैरे मंडळी, आणि कसादो, मकिओन, शेंकर यांनी काढलेली निसिरा ही कंपनी. (ती २०१२ मध्ये व्हीएमवेअरने १.२६ अब्ज डॉलरला घेतली, म्हणजे हा नुसता पीएचडीचा खेळ राहिला नव्हता.) ओनिक्समध्ये संपूर्ण जाळ्याचा एक नकाशा असतो आणि तो अनेक कंट्रोलरमध्ये वाटलेला. गंमत अशी की त्यांनी नकाशा ठेवायला दोन कपाटं केली. एक सावकाश पण चोख: तिथे लिहिलेलं सगळ्यांना सारखं दिसणार. दुसरं झटपट पण थोडं सैल: तिथे दोघांना क्षणभर वेगळं दिसू शकतं. कुठली माहिती कुठल्या कपाटात, हे तुम्ही ठरवा. ‘कोणाला आत येऊ द्यायचं’ हे पहिल्या कपाटात. ‘या तारेवर आत्ता किती गर्दी आहे’ हे दुसऱ्यात. जरा शिळं असलं तरी बिघडत नाही.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा कागद हाच. बाकीच्यांनी ‘किती कंट्रोलर’ विचारलं, यांनी ‘कशावर एकमत हवं’ विचारलं.

दोन वर्षांनी टोरंटोमधूनच ‘कांडू’ आलं, त्यात दोन पायऱ्या केल्या: डब्यांजवळ स्थानिक कंट्रोलर, जे आपल्यापुरतं बघतात आणि सगळा नकाशा त्यांना माहीत नसतो, वर एक मुख्य, ज्याला फक्त दुर्मीळ मोठ्या गोष्टी कळवायच्या. सी-डॉटचा बेस मॉड्यूल आठवतोय? गावातल्या गावात फोन. नंतर २०१३ मध्ये ओपनडेलाइट, २०१४ मध्ये ओनॉस हे मोकळे कंट्रोलर आले. दोन्ही पहिल्यापासून अनेक मशीनवर चालायला बनवलेले. यांच्या आवृत्त्यांच्या भानगडीत आज जात नाही.

वाटलं म्हणजे सुरक्षित झालं, असं मात्र समजू नका. १५ जानेवारी १९९० ला अमेरिकेत एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं टेलिफोन जाळं नऊ तास कोसळलं होतं. ११४ मोठी एक्स्चेंजं, प्रत्येकाला स्वतःचं डोकं. एक बिघडून पुन्हा उभं राहिलं आणि त्याने शेजाऱ्यांना कळवलं, ‘आलो परत’. त्या निरोपामुळेच शेजाऱ्यांच्या नव्या सॉफ्टवेअरमधली एक चूक जागी झाली, ते पडले, उठले, त्यांनीही ‘आलो परत’ कळवलं. साथ पसरावी तसं. डोकी ११४, पण सगळ्यांत एकच सॉफ्टवेअर, महिनाभरापूर्वी एकदमच बदललेलं. तेव्हापासून शहाणे लोक अपडेट एका ठिकाणी टाकून वाट बघतात. सगळे नाही बघत.

गूगलने २०१३ मध्ये आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या ‘बी-फोर’ जाळ्याची माहिती उघड केली. प्रत्येक ठिकाणी कंट्रोलरांचा गट, त्यांच्यात पॅक्सॉसने मुख्य निवडलेला, आणि वर सगळ्या जगाची वाहतूक बघणारा एक. पुढे २०२१ मध्ये त्यांनी ‘ओरायन’बद्दल लिहिलं, त्यात जाळं मुद्दाम वेगवेगळ्या कक्षांमध्ये कापलेलं, म्हणजे एका कक्षेचा कंट्रोलर वेडा झाला तरी नुकसान तेवढ्यापुरतं. आणि एक तत्त्व: कंट्रोलर दिसेनासा झाला तर डब्याने घाबरून सगळं पुसायचं नाही. शेवटचा हुकूम धरून काम चालू ठेवायचं. पोलीस कंट्रोल रूमचा वायरलेस बंद पडला म्हणून चौकातला हवालदार घरी जात नाही, तसं.

आता चाकण. मी काही वर्षं गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत नेटवर्क बघायचो. नाव घेत नाही. एक प्लांट भोसरीत, एक चाकणमध्ये. चाकणच्या शॉपफ्लोअरवर मुलं-मुली हातात बारकोडची गन घेऊन माल स्कॅन करायची, आणि त्यावर ठरायचं की गाडी बनवणाऱ्या मोठ्या कारखान्यात कुठला भाग कितव्या क्रमाने जाणार. तिकडे लाइनवर लाल गाडीमागून पांढरी येणार असेल तर आमच्या टेम्पोतही भाग त्याच क्रमाने लागलेले हवेत. चुकलं तर तिकडची लाइन थांबते आणि दंड इकडे येतो. वायफायचे डबे चाकणला, पण त्यांचं डोकं, म्हणजे वायफाय कंट्रोलर, भोसरीत. याला कुणी एसडीएन म्हणत नव्हतं, पण तत्त्व तेच: हात इथे, डोकं तिथे.

एका दुपारी मोशीजवळ जेसीबीने फायबर तोडला. नाशिक हायवेवर खोदकाम कधी नसतं सांगा. पहिला अर्धा तास कुणाला काही कळलंच नाही, कारण जोडलेल्या गन चालू होत्या. त्यांना हुकूम आधीच मिळालेला होता, माल छापण्याचं मशीनही चाकणलाच होतं. मग शिफ्ट बदलली. नवी मुलं आली, त्यांनी गन हातात घेऊन लॉगिन केलं, आणि गन फिरत बसली. लॉगिन म्हणजे नवी परवानगी, आणि ती भोसरीतून यायची. जुन्या शिफ्टच्या ज्या गन कुणी बंद केल्या नव्हत्या त्या हातोहात फिरू लागल्या. पण बॅटरी संपते. बॅटरी बदलली की गन बंद होऊन चालू होते, आणि चालू झाली की तीही परवानगी मागते. एकेक करून सगळ्या गेल्या. संध्याकाळी सुपरवायझर खडूने पेट्यांवर क्रम लिहीत होता, आणि एक मुलगी त्याच्यामागून मोठ्याने वाचून पडताळत होती. टेम्पो गेले. लाइन थांबली नाही. पण त्या दोघांच्या कपाळावरचा घाम मी पाहिलाय.

तेव्हापासून कुठल्याही रचनेकडे मी असंच बघतो: तार तुटल्यावर काय चालू राहतं, आणि चालू राहिलेलं किती वेळ टिकतं.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एअरटेल आणि टेक महिंद्रा यांनी जाहीर केलं की महिंद्राचा चाकणचा कारखाना हा ५जी वापरणारा देशातला पहिला वाहन कारखाना झाला. देशात ५जी सुरू होऊन जेमतेम महिना झाला होता. उपयोग काय, तर तयार गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर भरणं. आजच्या गाडीत सॉफ्टवेअर भरल्याशिवाय ती गेटबाहेर जात नाही, आणि एकाच वेळी अनेक गाड्यांत भरायचं तर जाळं दणकट हवं. शिवाय रंगकामाची संगणकाने तपासणी. मोबाइलच्या जाळ्यातही डोकं आणि हात वेगळे करण्याची पद्धत २०१७ मध्ये मानकात आली आणि ५जी तिच्यावरच उभं आहे. म्हणजे कुठल्याही कारखान्यात हात आवारातच ठेवता येतो, आणि डोकं आवारात, पुण्यात किंवा आणखी लांब. ज्याचं त्याने ठरवायचं. तोडायला जेसीबी सगळीकडे सारखाच.

आमच्या त्या कंपनीत पुढे काय झालं ते सांगतो. चाकणला दुसरा कंट्रोलर बसवायचं ठरलं, लगेच ‘एका घरात दोन कर्ते’ समोर आलं. तिसरं मत ठेवायचं कुठे? भोसरीत ठेवलं तर बहुमत कायम भोसरीचं. चाकणला ठेवलं तर उलट. कंपनीचं तळेगावला एक गोदाम होतं, तिथे कोपऱ्यात एक छोटं मशीन ठेवलं. नकाशा उघडून बघा: भोसरी-मोशी-चाकण एक रस्ता, चाकण-तळेगाव दुसरा, तळेगाव-देहूरोड-निगडी-भोसरी तिसरा. त्रिकोण. तिन्ही तारा वेगवेगळ्या रस्त्यांनी नेल्या, आणि एकाच कंपनीच्या घेतल्या नाहीत. मोशीला तार तुटली तर तिघंही तळेगावमार्गे एकमेकांना दिसतात.

राहिला एकच प्रकार: चाकणच्या दोन्ही तारा एकदम तुटल्या तर. तेव्हा चाकण अल्पमतात. मग बसून यादी केली, की एकट्या चाकणने काय करायचं. ज्यांची नावं आधीपासून यादीत आहेत त्यांचं लॉगिन, चाकणच्या प्रतीवरून, चालू. क्रम छापणं चालू. यादीत नवं नाव घालणं बंद. नाव काढणं, म्हणजे ज्याचं कंत्राट आज सकाळी भोसरीत संपवलं त्याची परवानगी रद्द करणं, हेही चाकणला कळणार नाही. यावर एचआरच्या मॅडम आणि प्रॉडक्शनचे साहेब तासभर भांडले. मॅडमचं म्हणणं, काढलेला माणूस आत येता कामा नये, शंका असेल तर सगळेच थांबवा. साहेबांचं म्हणणं, एका माणसासाठी तीनशे जणांची शिफ्ट थांबवणार का? शेवटी प्रतीला आठ तासांची मुदत घातली, एका शिफ्टएवढी. तेवढ्यात तार जोडली गेली नाही तर प्रत शिळी समजायची आणि गेटवर वही काढायची. वही अजून तिथेच आहे, सिक्युरिटीच्या टेबलाच्या खणात, दोरीने बांधलेल्या पेनासकट. आणि त्याच दिवशी नवा लागलेला कंत्राटी मुलगा असेल, तर त्याला गन मिळत नाही. पहिली शिफ्ट तो पेट्या उचलतो.